ओपन सोर्स बीआय आणि रिपोर्टिंग टूल: जिनिंगसाठी मेटाबेस, सुपरसेट की जॅस्पर?

रुई_गाठ | सोमवार, रात्री १०:१०

राम राम मंडळी.

धरणगावजवळ एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. काट्याचं सॉफ्टवेअर, टॅली, प्रिंटर, कॅमेरे, सगळं माझ्याकडेच. हंगामाला महिना-दीड महिना राहिलाय आणि यंदा रोजचे रिपोर्ट एक्सेलमधून बाहेर काढायचेच असं ठरवलंय.

सध्याची पद्धत अशी. काट्यावरच्या नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातात. हिशेब टॅलीत. प्रेसवर किती गाठी बांधल्या ते वहीत, आणि वहीतून एक्सेलमध्ये. रात्री ९ वाजता मी तिन्ही एकत्र करून एक शीट बनवतो: आज किती क्विंटल कापूस आला, सरासरी भाव काय पडला, गाठी किती, सरकी किती, उतारा (कापसातून निघालेली रुई) किती टक्के, कोणत्या शेतकऱ्याचे किती पैसे राहिले. रोजचा दीड तास जातो.

दीड तासाचं दुःख नाही. मागच्या हंगामात एक फॉर्म्युला शेवटच्या ओळीपर्यंत ओढायचा राहिला आणि ११ शेतकऱ्यांची बाकी चार दिवस शीटमध्ये आलीच नाही. त्यातले एक आजोबा पाळधीहून दोनदा येऊन रिकाम्या हातानं परत गेले. ऑफिसात सगळे त्यांना सांगत होते, "बाबा, यादीत नाव नाही." ते डोक्यातून जात नाही.

बजेट जवळजवळ शून्य. एक जुना डेस्कटॉप मिळेल, लिनक्स टाकू शकतो. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येतं, जावा-पायथन जुजबी. शेठजी फक्त मोबाईलवर बघणार. शेतकऱ्याला द्यायची पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) मराठीतच हवी.

डेटाबेसवरून चार्ट आणि रिपोर्ट बनवणारी (बीआय) ओपन सोर्स टूल म्हणून मेटाबेस, सुपरसेट, रिडॅश, जॅस्पर, बर्ट, पेंटाहो अशी नावं वाचलीत. ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा.


तापीकाठ | सोमवार, रात्री ११:०२

भाऊ, रावेर तालुक्यात आमची केळी उत्पादक कंपनी आहे. आम्ही दोन वर्षांपासून मेटाबेस चालवतो, म्हणून तेवढ्याचंच सांगतो.

चालू करायला सोपं. मेटाबेस क्लोजर नावाच्या भाषेत लिहिलेलं आहे, पण तुम्हाला त्याच्याशी घेणंदेणं नाही. मशीनवर जावा असलं की एक जार फाईल चालवायची, ब्राउझरमध्ये ३००० पोर्ट उघडायचा, डेटाबेसचा पत्ता द्यायचा. पहिल्याच संध्याकाळी आमचा "आजची आवक, गावानुसार" हा चार्ट तयार होता. आमच्या ऑफिसातल्या ताई बी.कॉम. आहेत, एसक्यूएल कधी पाहिलेलं नाही. त्या आता स्वतः टेबल निवडतात, फिल्टर लावतात, नवती (नवी लागवड) आणि पिलबाग (खोडवा) वेगळे काढतात. दुसरं टेबलसुद्धा जोडतात. माझ्यावाचून काम चालतं, हाच माझ्या दृष्टीनं मोठा फायदा.

आता अडचणी, कारण त्या आधी कळल्या तर तुमचा हंगाम वाचेल.

पहिली. मेटाबेस स्वतःची माहिती, म्हणजे तुमचे सगळे प्रश्न, डॅशबोर्ड, युजर, सुरुवातीला एच-टू नावाच्या एका फाईलमध्ये ठेवतं. ते फक्त चाखून बघण्यापुरतं आहे, त्यांच्याच माहितीपत्रात तसं लिहिलंय. मी ते वाचूनही पुढे ढकललं. एका दुपारी लाईट गेली, यूपीएसनं दम तोडला, आणि ती फाईल उघडेना. बॅकअप नव्हता. चाळीसेक चार्ट पुन्हा बनवले. तुम्ही पहिल्याच दिवशी त्याला पोस्टग्रेसमध्ये वेगळा डेटाबेस करून द्या आणि रोज रात्री त्याचा डंप (पूर्ण प्रत) घ्या.

दुसरी, वेळेची. आमचे ट्रक पहाटे काट्यावर येतात. सर्व्हर यूटीसीवर (ग्रीनिचच्या वेळेवर) होता. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्या पहाटेचे ४ तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. दोन आठवडे आमचा पहाटेचा सगळा माल कालच्या तारखेत पडत होता आणि शेतकरी म्हणत होते, "मी तर मंगळवारी दिला." मेटाबेसच्या सेटिंगमध्ये रिपोर्टचा टाइमझोन एशिया-कोलकाता करा आणि टेबलातला वेळेचा रकाना टाइमझोनसह ठेवा. दोन्ही लागतं.

तिसरी, पैशाची. अमुक शेतकऱ्यानं किंवा अमुक शाखेनं फक्त आपल्याच ओळी बघाव्यात, हे ओळीनुसार बंधन फुकटच्या आवृत्तीत नाही, विकतच्यात आहे. गटानुसार फोल्डर लपवता येतात, तेवढं आम्हाला पुरलं.


भुसावळ_पुणे | मंगळवार, सकाळी ८:२०

मूळचा भुसावळचा, सध्या पुण्यात. कामावर सुपरसेट सांभाळतो.

सुपरसेट एअरबीएनबीमध्ये २०१५ साली सुरू झालं, नंतर अपाचे फाउंडेशनकडे गेलं आणि २०२१ च्या जानेवारीत तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प म्हणून जाहीर झालं. परवाना अपाचे २.०, म्हणजे वापरा, बदला, विका, कोणी विचारणार नाही. तापीकाठ म्हणाले ते ओळीनुसार बंधन इथे फुकट आहे, आणि चांगलं आहे. चार्टचे प्रकारही मेटाबेसपेक्षा बरेच जास्त.

पण रुई_गाठ भाऊ, मी तुम्हाला सुपरसेट घ्या असं सांगणार नाही. एकटा माणूस आणि एक डेस्कटॉप. सुपरसेट म्हणजे पायथनचा सर्व्हर, त्याचा स्वतःचा डेटाबेस, आणि रोज रात्री ईमेलनं रिपोर्ट पाठवायचा म्हटलं की कामांची रांग ठेवणारं रेडिस, ती कामं करणारा सेलरीचा वर्कर, वेळ सांभाळणारा बीट आणि फोटो काढायला बिनपडद्याचा ब्राउझर. यातलं एक थांबलं की रिपोर्ट जात नाही, आणि कोणतं थांबलं ते शोधायला लॉग वाचावे लागतात. विंडोजवर तर ते अधिकृतपणे चालतच नाही. डॉकरची (सगळं बांधून मिळणारं पॅकेज) छोटी प्रतिमा घेतली तर डेटाबेसचे ड्रायव्हर आपले आपण घालायचे.

आणि एक धोका. सुपरसेटला एक गुप्त किल्ली द्यावी लागते. २०२३ साली उघड झालं की असंख्य लोकांनी ती बदललीच नव्हती, नमुन्यातली तशीच ठेवली होती. त्यामुळे बाहेरचा माणूस स्वतःला अॅडमिन म्हणवून आत शिरू शकत होता. नंतरच्या आवृत्त्या नमुन्याची किल्ली दिसली की चालूच होत नाहीत. कोणी जुना व्हिडिओ बघून बसवत असेल तर हे लक्षात ठेवा.

सुपरसेटची एक गोष्ट मात्र मेटाबेसवाल्यांनी हेवा करावा अशी आहे: लाख-कोटीचे स्वल्पविराम. कॉन्फिग फाईलमध्ये आकड्यांची गटवारी आधी तीन, मग दोन-दोन अशी लिहून दिली की १२,३४,५६७ असंच छापतं.


तापीकाठ | मंगळवार, सकाळी ८:४५

हे खरं आहे. मेटाबेसमध्ये १,२३४,५६७ असं पडतं आणि आमचे संचालक बोट ठेवून मोजत बसायचे. लाख-कोटीची सोय मला सेटिंगमध्ये मिळाली नाही. शेवटी व्ह्यूमध्येच (क्वेरीतून तयार होणारं टेबल) एक लाखानं भागून "रक्कम, लाखात" असा रकाना दिला. पोस्टग्रेसमध्ये साचा देऊन स्वल्पविराम हवे तिथे पाडता येतात, पण मग तो आकडा न राहता मजकूर होतो आणि ९ हजार ८० हजारांच्या वर जाऊन बसतात. छापायला ठीक, क्रम लावायला नाही.


साक्री_रोड_धुळे | मंगळवार, दुपारी १:३०

सगळे पडद्यावरच्या रिपोर्टचं बोलून राहिले. रुई_गाठनं शेवटी एक वाक्य लिहिलंय तिकडे कोणाचं लक्ष नाही: शेतकऱ्याला द्यायची पट्टी मराठीत.

बघायचा रिपोर्ट आणि छापायचा रिपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत. मेटाबेस-सुपरसेट-रिडॅश हे बघायचे. यांच्यातून पीडीएफ निघते, पण ती डॅशबोर्डचं चित्र असते. तिच्यात "पान २ पैकी १", प्रत्येक पानाखाली पुढे नेलेली बेरीज, शेवटी सहीची जागा, आधी छापलेल्या कोऱ्या पट्टीवर नेमक्या चौकटीत पडणारा आकडा, हे मागू नका. ते काम जॅस्पररिपोर्ट्स आणि बर्टचं.

मी २००७ पासून जॅस्पर करतो. २००१ मध्ये एका माणसानं सुरू केलेली जावाची लायब्ररी, आजही एलजीपीएल या खुल्या परवान्यावर मिळते. तिच्यामागची कंपनी २०१४ मध्ये टिबकोनं विकत घेतली, तरी लायब्ररी खुलीच राहिली. रिपोर्टचा आराखडा एक्सएमएल फाईलमध्ये असतो. जॅस्परसॉफ्ट स्टुडिओत तुम्ही पट्टे आखता: वरचा मथळा, पानाचा माथा, मधला तपशीलाचा पट्टा जो प्रत्येक ओळीला एकदा छापला जातो, पानाचा तळ, शेवटची बेरीज. हिशेबाच्या वहीचं पान ज्यानं आखलंय त्याला हे दोन दिवसांत कळतं. डॉट मॅट्रिक्ससाठी साधा मजकूरही काढून देतं. इंग्रजी अक्षरांची काटा पावती आम्ही अजून तशीच छापतो, कारण कार्बन कॉपी लागते.

बर्ट एक्लिप्सच्या छताखाली २००४-०५ पासून आहे. मध्ये बरीच वर्षं थंड पडलं होतं, २०२२ ला पुन्हा आवृत्ती निघाली. चांगलं आहे, पण नव्यानं शिकायचं असेल तर मी जॅस्पर म्हणेन, अडलं की उत्तरं जास्त मिळतात.

आता मराठीचं. इथे मी तीन आठवडे घालवलेत, तुमचे जाऊ नयेत.

जॅस्परनं पडद्यावर "क्विंटल" बरोबर दाखवलं. पीडीएफ काढली तर वेलांटी भलत्या ठिकाणी आणि क-व सुटे. "शेतकऱ्याची" मधला ऱ्या तर ओळखूच येईना. फॉन्ट बदलला, तेच. कारण फॉन्टमध्ये नाही. देवनागरी नीट उमटायला कोणतं अक्षर कोणाला जोडायचं, वेलांटी कुठे सरकवायची, हे फॉन्टमधले नियम वाचून कोणीतरी मांडावं लागतं. जुनं जॅस्पर पीडीएफसाठी आयटेक्स्ट २.१.७ वापरायचं आणि ते अक्षरं साठवलेल्या क्रमानं एकापुढे एक ठेवून द्यायचं. इंग्रजीला चालतं, आपल्याला नाही.

उपाय दोन. एक, बऱ्यापैकी अलीकडचं जॅस्पर घ्या. त्यात पीडीएफ निर्यातीसाठी ग्लिफ रेंडरर ब्लॉक्स नावाची प्रॉपर्टी आहे, तिथे देवनागरी लिहायचं. मग ती अक्षरं जावाच्या स्वतःच्या यंत्रणेकडून मांडली जातात आणि जोडाक्षरं जुळतात. सोबत फॉन्ट "फॉन्ट एक्स्टेन्शन" म्हणून जारमध्ये बांधून द्या, नाहीतर तुमच्या मशीनवर छान दिसेल आणि सर्व्हरवर चौकोन. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, दोन्ही खुले आहेत.

दोन, पट्टी साधीच असेल तर एचटीएमएल बनवा आणि बिनपडद्याच्या क्रोमकडून पीडीएफ काढा. क्रोममध्ये अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे, देवनागरी पहिल्या दिवसापासून बरोबर.

आणि जावाचं नेहमीचं आकडा-साचा काम लाख-कोटी गटवारी करत नाही. तुम्ही साच्यात दोन-दोनवर स्वल्पविराम लिहिले तरी ते शेवटचाच गट धरतं. बेरीज पोस्टग्रेसमधूनच मजकूर करून आणा. छापायला चालतं, हे तापीकाठ म्हणालेच.


डाळमिल_जळगाव | मंगळवार, सायंकाळी ६:१५

एक विचारतो. पॉवर बीआय डेस्कटॉप तर फुकट उतरवता येतं ना? मग एवढं कशाला?


भुसावळ_पुणे | मंगळवार, सायंकाळी ७:००

दादा, बनवायला फुकट आहे, तेही फक्त विंडोजवर. दुसऱ्याला त्यांच्या सेवेतून दाखवायचं म्हटलं की माणशी परवाना, दरमहा. एकटे बनवून एकटेच बघणार असाल तर ते खरंच उत्तम टूल आहे, नाकारायचं कारण नाही. माणसं वाढली की खर्च वाढतो.


डाळमिल_जळगाव | मंगळवार, सायंकाळी ७:०४

समजलं. आमच्याकडे बघणारे सात जण आहेत.


ताळेबंद | मंगळवार, रात्री ९:५०

मी जळगावात हिशेब तपासणीचं काम करते, जिनिंगची खाती माझ्याकडे आहेत. टूलमधलं मला फार कळत नाही, पण रुई_गाठ यांनी "उतारा किती टक्के" असं एका दमात लिहिलंय, तिथे मला थांबावंसं वाटलं.

भाऊ, तुम्ही उतारा काढता कसा? आज आलेला कापूस आणि आज बांधलेल्या गाठी यांचा भागाकार?

तसं असेल तर तो आकडा खोटा आहे आणि तो मोबाईलवर रंगीत दिसला म्हणून खरा होणार नाही. आज आलेला कापूस आज जिनवर जातो असं नाही. तो ढिगात पडतो, दोन-चार दिवसांनी लागतो. ज्या दिवशी आवक कमी आणि जिन जोरात, त्या दिवशी तुमचा उतारा ४५ टक्के दिसेल. दुसऱ्या दिवशी आवक वाढली की २५. मालकाला काहीच कळत नाही आणि दोन आठवड्यांत तो स्क्रीन बघायचं सोडून देतो. मी हे दोन ठिकाणी पाहिलंय.

गाठ १७० किलोची धरली आणि उतारा ३४ टक्के असेल तर एका गाठीला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. हे गणित ढिगाशी जुळलं पाहिजे, तारखेशी नाही. प्रत्येक ढिगाला नंबर द्या. काट्याच्या नोंदीत ढीग नंबर, जिनवर नेताना ढीग नंबर, गाठीच्या नोंदीत ढीग नंबर. मग ढीग संपला की त्याचा उतारा काढा: रुई, सरकी आणि घट (कचरा-ओलाव्यात जाणारं वजन), तिन्हींची बेरीज कापसाच्या वजनाला भिडली पाहिजे. भिडत नसेल तर रिपोर्ट चुकलाय किंवा माल गेलाय.

अजून दोन गोष्टी. टक्क्यांची सरासरी काढू नका. २० क्विंटलच्या ढिगाचे ३१ टक्के आणि ४०० क्विंटलच्या ढिगाचे ३५ टक्के यांची सरासरी ३३ नाही. सगळ्या रुईला सगळ्या कापसानं भागा. या टूलमध्ये "सरासरी" हे बटण एका टिचकीवर असतं, म्हणून जपा.

आणि ओलावा लिहा. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळ) खरेदी ८ टक्के ओलाव्याच्या हिशेबानं होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. खासगीतही ओला कापूस आला की वजन जास्त आणि उतारा कमी. ओलाव्याचा रकाना नसेल तर उतारा का पडला हे कोणतंच टूल सांगणार नाही.


साक्री_रोड_धुळे | मंगळवार, रात्री १०:२०

ताई, आम्ही सगळ्यांनी टूलवर पानं भरली आणि खरं काम तुम्ही सांगितलं. रुई_गाठ, हे आधी करा.


सातपुडा_पायथा | बुधवार, सकाळी ७:१०

नंदुरबारहून. आमची संस्था अक्कलकुवा-धडगाव भागात पोषणाचं काम करते. रिडॅशबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्ही रिडॅश वापरायचो. एसक्यूएल लिहिणाऱ्यासाठी अजूनही इतकं सुटसुटीत टूल दुसरं नाही: क्वेरी लिहा, खाली चार्ट. पण २०२० मध्ये डेटाब्रिक्सनं ते विकत घेतलं, २०२१ च्या शेवटी त्यांची ऑनलाइन सेवा बंद झाली, आता जे आहे ते समुदायाच्या बळावर चालतं. बंद पडलेलं नाही, पण नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्याच्यावर घर बांधू नये असं मला वाटतं. आम्ही मेटाबेसवर आलो.

ग्राफानाचंही नाव कोणीतरी घेईलच. ते सेन्सर, वीज मीटर, तापमान अशा दर मिनिटाच्या आकड्यांसाठी. जिनच्या मोटरींचा वीजवापर बघायचा असेल तर जरूर. शेतकऱ्याच्या बाकीसाठी नाही.

माझं मुख्य सांगणं माहितीच्या जबाबदारीबद्दल आहे. मेटाबेसमध्ये डॅशबोर्डची सार्वजनिक लिंक बनवता येते आणि ती व्हॉट्सअॅपवर टाकायचा मोह होतो, कारण साहेब लॉगिन करायला कंटाळतात. ती लिंक ज्याच्याकडे गेली त्याला सगळं दिसतं. आमच्याकडे कुपोषित बाळांच्या आयांची नावं होती, तुमच्याकडे शेतकऱ्यांचे खाते नंबर आणि आधार आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी ती माणसं आपल्यावर विश्वास ठेवून कागद देतात.

आम्ही काय केलं: रिपोर्टसाठी वेगळा स्कीमा (डेटाबेसमधला वेगळा कप्पा), त्यात फक्त व्ह्यू. व्ह्यूमध्ये आधार, खाते नंबर, मोबाईल हे रकाने घेतलेच नाहीत. मेटाबेसला दिलेला डेटाबेस युजर फक्त तो स्कीमा वाचू शकतो, लिहू काहीच शकत नाही. आणि बाहेरून बघायला वायरगार्डचं व्हीपीएन (खासगी जोडणी), फोनवर एकदा बसवलं की झालं.

गावांची नावंही बघा. आमच्याकडे एकच गाव सात प्रकारे लिहिलेलं होतं. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका आहे, तिच्यात प्रत्येक गावाला कोड आहे. आम्ही नाव टाइप करणं बंद केलं, यादीतून निवडायचं. जोडणी कोडवर, मराठी नाव फक्त दाखवायला.


तापीकाठ | बुधवार, सकाळी ७:४०

ताई, यादी लावताना एक करा: पोस्टग्रेसमध्ये आयसीयूचं मराठी कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचे नियम) लावा. मग अकारविल्हे क्रम आपल्या शब्दकोशासारखा येतो.


रुई_गाठ | बुधवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ताळेबंद ताई, तुम्ही विचारलं तसंच आम्ही काढत होतो, आजच्या गाठी भागिले आजची आवक. पाच हंगाम. उद्याच ढिगाला नंबरच्या पाट्या करायला देतो.

टॅलीचा माल पोस्टग्रेसमध्ये कसा आणता तुम्ही लोक?


भुसावळ_पुणे | गुरुवार, सकाळी ८:०५

टॅली चालू असताना ९००० पोर्टवर एक्सएमएल विचारता येतं, ओडीबीसीही आहे. छोटी पायथन स्क्रिप्ट पुरते. चित्र काढून जोडण्या करायच्या असतील तर अपाचे हॉप बघा. पेंटाहोचं डेटा इकडून तिकडे नेणारं जे केटल होतं त्यातून फुटून निघालेला हा प्रकल्प, २०२२ पासून अपाचेचा पूर्ण प्रकल्प आहे. पेंटाहो कंपनी २०१५ मध्ये हिताचीकडे गेली, त्यामुळे आज नव्यानं सुरू करणाऱ्याला मी हॉपच सुचवतो. पण तुमचं काम पाच-सहा टेबलांचं दिसतंय, स्क्रिप्टच करा. आणि ती दिवसा काट्याच्या डेटाबेसवर जड क्वेरी चालवणार नाही एवढं बघा. मटेरियलाइज्ड व्ह्यू (उत्तर आधीच साठवून ठेवलेला व्ह्यू) करून ठेवा, दर तासाला ताजा करा. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना रिपोर्टमुळे पावती अडकली तर लोक तुम्हाला माफ करणार नाहीत, आणि ते बरोबर आहे.


सातपुडा_पायथा | गुरुवार, सकाळी ८:३०

परवान्याचं एक राहिलं. मेटाबेसची खुली आवृत्ती एजीपीएलवर आहे. ते न बदलता आपल्याच ऑफिसात वापरलं तर काही करावं लागत नाही. तुम्ही त्याचा कोड बदलून तो इतरांना नेटवरून वापरायला दिलात, तर बदललेला कोडही त्यांना द्यावा लागतो. कोणी इथे वाचून ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून विकणार असेल त्यानं आधी परवाना वाचावा.


रुई_गाठ | दोन महिन्यांनंतर, रविवार, सायंकाळी ५:२०

धागा वर काढतोय, कारण तुम्ही एवढं लिहिलंत तर पुढे काय झालं ते सांगायला हवं.

बघण्यासाठी मेटाबेस, त्याच जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून. पहिल्या दिवशीच त्याचा डेटाबेस पोस्टग्रेसमध्ये. रोज रात्री डंप पेन ड्राइव्हवर आणि एक प्रत घरी. नवा यूपीएस शेठजींनी न मागता दिला. छापण्यासाठी जॅस्पर घेतलं, साक्री_रोड भाऊंच्या प्रॉपर्टीनं "क्विंटल" पहिल्या झटक्यात बरोबर आलं. पट्टी आणि महिन्याचा खातेउतारा जॅस्परमध्ये, काट्याची पावती जुनीच.

शेतकऱ्यांची बाकी हा पहिला डॅशबोर्ड केला. त्यात एकच यादी आहे, सगळ्यात जुनी बाकी सगळ्यात वर, आणि सात दिवसांवर गेली की ओळ लाल. काट्याच्या नोंदींची संख्या आणि यादी अधिक पैसे चुकते झालेल्या पावत्या यांची संख्या रोज आपोआप ताडली जाते. एकाचाही फरक पडला तर मला ईमेल येतो. दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळच्या आत माणसाचं नाव सापडलं.

ढिगाच्या नंबरांनी सुरुवातीला फार त्रास दिला. हमाल लोक म्हणाले, पाटी कोण वाचतं. मग ढिगाच्या पाटीचा रंग आणि जिनवर नेणाऱ्या गाडीच्या फडक्याचा रंग एकच केला. मुकादमांनीच सुचवलं ते. तेव्हापासून नोंद चुकत नाही.

आणि हे मुद्दाम लिहितो. मागच्या आठवड्यात ढीग क्रमांक ९ चा उतारा ३१.८ टक्के आला, बाकीचे ३४ च्या आसपास. शेठजींना वाटलं वजनात गडबड, मुनीमजींवर आवाज चढला. मी ओलाव्याचा रकाना उघडून दाखवला: तो कापूस अवकाळीनंतरच्या दोन दिवसांतला, बहुतेक गाड्या १२ च्या वर. पण तेवढ्यानं फरक भरून निघत नव्हता. सरकीचं वजन जास्त येत होतं. मग मेटाबेसमध्ये जिननुसार फोडून पाहिलं, तर दोन डबल रोलर जिनवर उतारा कायम कमी, कोरड्या ढिगांनाही. फिटरनं उघडून पाहिलं. सुऱ्या झिजल्या होत्या, सरकीवर रुई राहून जात होती.

शेठजी मुनीमजींकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं." मी त्यांच्याकडे नऊ वर्षं आहे, हे पहिल्यांदा ऐकलं.

पाळधीचे आजोबा परवा आले होते. यादीत नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. पट्टी हातात घेऊन त्यांनी स्वतः वाचली, चष्मा लावून, पूर्ण.

व्ह्यूंची स्क्रिप्ट आणि जॅस्परचा पट्टीचा आराखडा साफ करून ठेवलाय, आमच्या आकड्यांशिवाय. ज्यांना हवा त्यांनी इथे लिहा, पाठवतो.


ताळेबंद | रविवार, सायंकाळी ६:०५

मला द्या. आणि घटीचा रकाना त्यात आहे ना?


रुई_गाठ | रविवार, सायंकाळी ६:१२

आहे ताई. ढीग बंद करताना भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.